तिरप्या रेघेच्या आधी

सेटिंगमध्ये जायचं, मग जनरल, मग अबाऊट.
तिथे एक ओळ असते, तिच्याकडे कुणी बघत नाही:
अक्षरं, आकडे, एक तिरपी रेघ.
मुर्तझाभाईंनी ती मला लॅमिंग्टन रोडवर वाचायला शिकवली,
वायरींच्या दोन गोण्या आणि एक टेबलफॅन यांच्या मधे
उभं राहण्यापुरती जागा होती, तेवढ्यात.
"पहिलं अक्षर वाच. मग रेघेच्या आधीचं.
मधलं सोड, मधलं कंपनीचं."

रेघेआधी एचएन, तर आपल्याकडचा.
एलएल, अमेरिकेचा; तो पुतणे आणतात
आणि सिमचा खण शोधत माझ्याकडे येतात.
झेडपी हाँगकाँगचा: दोन सिमं, पाठीला पाठ लावून,
भांडलेल्या जावांसारखी.
आणि पहिलं अक्षर एम असेल तर कोरा,
एन असेल तर बदली दिलेला,
एफ असेल तर, भाई म्हणायचे,
एकदा संसार मोडून, न्हाऊनमाखून परत उभा राहिलेला.

आता भांडुपला माझा स्वतःचा गाळा आहे.
गाळा म्हणजे जिन्याखालची जागा.
डोक्यावरून माणसं चढतात,
पावलांवरून मला मजला कळतो.

झुलेखा दळवी आल्या त्या रुमालात फोन बांधून.
"मुबीननं पाठवलाय, सलालाहून. नवा आहे.
पण फोटो काढला की खाटकन वाजतो.
आवाज बंद केला तरी वाजतो.
अरीबा मांडीवर निजली की दचकून उठते.
तिच्या बापानं तिला अजून निजलेली बघितली नाही."

मी विचारलं, बाणकोटकडच्या का तुम्ही?
"कसं कळलं?"
म्हटलं, शब्द संपता संपता कळतं.

ओळ उघडली. रेघेआधी जे.
जपानचा, मावशी. तिकडे कॅमेरा मुका ठेवत नाहीत,
चोरून कुणी कुणाचा फोटो काढू नये म्हणून
तो कारखान्यातूनच बोलका येतो.
"मी माझ्या नातीचा काढते, चोरून कसला?"
ते त्याला माहीत नाही.

मग त्यांनी चष्मा पुढे ओढला.
बचतगटाच्या वहीत इंग्रजीत सही करणारी बाई,
बोट थेट सुरुवातीला ठेवलं.
"आणि हा एफ?"

वरून कुणीतरी तिसऱ्या मजल्याचं उतरत होतं.
मी म्हटलं, एफ म्हणजे फॅक्टरी.
"बरं," म्हणाल्या.

आवाज काही माझ्याच्यानं निघाला नाही.
युक्ती तेवढी सांगितली: व्हिडिओ काढा.
सुरू होताना एकदाच वाजतो.
बाहेर गॅलरीत चालू करा,
आणि चालू ठेवूनच आत या.

आठवड्याने परत आल्या. मला दाखवला.
आधी गॅलरीचा कठडा, थोडा वाकडा.
शेजारच्यांचं सुपातलं वाळवण.
एक सायकल, तिला एकच चाक.
दाराचा पडदा कॅमेऱ्यावरच आला, सगळं हिरवं झालं,
श्वासाचा आवाज, चपला काढल्याचा आवाज,
फ्रिज, फ्रिजवरचं कॅलेंडर, मागच्या महिन्याचंच,
आणि मग अरीबा,
एक हात वर, कुणीतरी हजेरी घेतल्यासारखा.

"मुबीन म्हणतो, पोरगी तर दिसलीच,
पण ती सायकल अजून ठेवलीस का अम्मी?
तेवढंच पुन्हा पुन्हा बघतो म्हणे."

पैसे किती, विचारलं. पन्नास म्हटलं.
त्यांनी तीस ठेवले, काउंटरवर, मोजून.
मग जिन्याकडे वळता वळता:
"खोक्याचं सील हातानं चिकटवलेलं होतं.
त्याच दिवशी बघितलं मी.
मुबीन नवा म्हणाला, तर नवा.
कधी तो सुट्टीला आला आणि तुझ्याकडे आणलं त्यानं,
तर ते फॅक्टरीचंच सांग."

मी वही उघडली.
मॉडेल: जपान. तक्रार: आवाज.
पुढच्या रकान्यात भाई नेहमी पहिलं अक्षर लिहायला लावायचे.
पेन झटकलं, दोनदा.
वर कुणीतरी चढत होतं, हळू,
पहिल्या मजल्यावर थांबत, पिशवी या हातातून त्या हातात घेत.